गळलेला त

कुवेतहून परतून दोन महिने झाले. देवरुखच्या बाजारपेठेत माझा छोटा छापखाना आहे. तिथे लग्नपत्रिका छापायला येणारा प्रत्येक जण आधी हसत विचारतो, "काय शरदशेठ, सोनं किती आणलंत?" आणि मग मी तिकडे कशासाठी गेलो होतो ते आठवून जीभ चावतो. मला त्याचा राग येत नाही. आमच्याकडे कुवेत म्हणजे सोनं, ब्लँकेट आणि अत्तर. मी स्वतः वयाच्या छपन्नाव्या वर्षापर्यंत विमानात बसलो नव्हतो. पण दर गिऱ्हाइकाला तेच सांगायचं आणि दर वेळी आपल्याला अडचणीचा भाग गाळायचा, हे आता नको वाटतं. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

महादेव, आमचा म्हादू, माझा मावसभाऊ. अकरा वर्षं कुवेतमध्ये एका कंपनीत प्लंबर होता. लग्न केलं नाही. गावात त्याची आई, म्हणजे माझी मावशी, एकटी असते. तिला आता दिसत नाही आणि फोन हाताळता येत नाही. त्यामुळे म्हादूचं जे काही येई ते माझ्या फोनवर येई आणि मी छापखान्यातून घरी जाताना मावशीच्या पायरीवर उभा राहून तिला सांगे. निरोप्याचं काम मी आवडीने करायचो. त्यात एक मोठेपणा असतो.

फेब्रुवारीत त्याचा फोन आला. "दादा, हितं पन अळंबी येतात."

"वाळवंटात अळंबी? थापा मारू नको," मी म्हटलं.

"खरंच. फगा म्हनतात त्याला. पाऊस झाला, ढग गडगडले की जमीन जराशी फुगते, भेग पडते. बोट घालून काढायची, बटाट्यावानी असतात. मी शिकलोय आता."

आमच्याकडेही ढग गडगडले की अळंबी वर येतात म्हणतात, आणि लहानपणी गावामागच्या सड्यावर, त्या कातळाच्या माळावर, अळंबी शोधण्यात म्हादूचा हात धरणारा कोणी नव्हता. तरी मी त्याला डिवचलं. "आधी फोटो पाठव, मग मानतो."

त्यानंतरच्या दुसऱ्या शुक्रवारी दुपारी त्याचा आवाजी मेसेज आला. माझ्यासमोर गिऱ्हाईक बसलं होतं आणि मी पत्रिकेचं प्रूफ तपासत होतो. फोन कानाला लावून एकदा ऐकला. वाऱ्याचा घोंघाट, आणि त्यात म्हादू: "दादा, मी बरा हाय. अन्वरभायला सांग." बस्स. संध्याकाळी मावशीच्या पायरीवर मी ते सांगितलं.

"आवाज तरी ऐकव," ती म्हणाली.

"उद्या ऐकवतो, आज घाई आहे." घाई कसली होती ते आज आठवत नाही.

शनिवारी कुवेतहून अन्वरभाईंचा फोन आला. अन्वरभाई मूळचे राजापूरकडचे. तीस वर्षं तिथे किराणा दुकानाची गाडी चालवतात आणि आपल्या भागातल्या पोरांवर लक्ष ठेवतात. म्हादू रात्री खोलीवर आला नाही, तुम्हाला काही कळवलंय का, असं ते विचारत होते. मी म्हटलं, "कालच मेसेज आलाय. बरा आहे म्हणाला. तुम्हालाही सांगायला सांगितलंय." ते म्हणाले, "मग ठीक." पुढे म्हादूचा फोन बंदच राहिला. तीन आठवड्यांनी अन्वरभाईंच्या दुकानमालकाने माझा व्हिसा काढून दिला आणि मी निघालो.

महबूला

महबूला समुद्राकाठी आहे, पण म्हादूच्या खोलीतून समुद्र दिसत नाही. दिसते ती समोरच्या इमारतीची भिंत आणि तिच्यावर गळणारे एसी. खोलीत सहा जण. दोनमजली खाटा, प्रत्येकाच्या खाटेला आपापला पडदा, आणि पडद्यामागे आपापलं गाव. म्हादूच्या पडद्याला आतून गणपतीचा फोटो टाचणीने लावलेला होता.

खोलीतला विश्राम लांज्याचा, सुतारकाम करणारा. त्याने मला पहिल्या दिवशी झुबेदी तळून वाढली. झुबेदी म्हणजे आपलं पापलेट. तिथले लोक तिच्यासाठी जीव टाकतात आणि मसाला असा बेताने लावतात की माशाला कळूही नये. विश्रामने मात्र कोकमाचं आगळ आणि घरचा मसाला लावला होता. "आगळ म्हादूचं हाय," तो म्हणाला. "आल्यावर शिव्या देल."

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या मंदूबला भेटलो. मंदूब म्हणजे सरकारी कचेऱ्यांत कंपनीचे कागद घेऊन फिरणारा माणूस. हा इजिप्तचा होता आणि हिंदी आमच्या तलाठ्यापेक्षा बरं बोलत होता. त्याने थंडपणे सांगितलं, "भाग गया. दूसरी कंपनी में काम मिला होगा. हमने रिपोर्ट कर दिया." मी म्हटलं, तो पळणारा माणूस नाही. तो म्हणाला, "घर पे मेसेज किया ना, ठीक हूँ करके? गुम हुआ आदमी मेसेज करता है क्या?"

खोटं कशाला बोलू, हे ऐकून मला जरा धीरच आला. पळाला असेल तर जिवंत असेल.

संध्याकाळी विश्रामने खाटेखालची ट्रंक काढून दिली. आत मावशीसाठी घेतलेलं मऊ जांभळं ब्लँकेट होतं, पिशवीतून न काढलेलं. बरोबर पैशांचं पाकीट, नवे बूट आणि त्याचा बताका, म्हणजे तिथलं ओळखपत्र. त्याच्यावाचून तिकडे दुसरीकडे कामाला कोणी उभंही करत नाही. पळून जाणारा माणूस हे सगळं मागे ठेवील का? मी ट्रंकेचं झाकण लावलं आणि त्या रात्री म्हादूच्या खाटेवर मला झोप आली नाही.

रिग्गई

शुक्रवारी अन्वरभाईंनी रिग्गईला घरी जेवायला नेलं. त्यांची सून शबाना हिने तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या आणि आमच्याकडे करतात तशी नारळ वाटून बांगड्याची आमटी. मला क्षणभर आपण कुठे आहोत याचा विसर पडला. नंतर तिने मचबूस आणला. लांब तांदूळ, त्यावर अख्खं मटण, बरोबर सुकवलेल्या लिंबाचा वास. "इथला पुलाव हाय, दादा, चाखून बघा," ती म्हणाली. अन्वरभाई जेवताना फारसं बोलत नाहीत. त्यांच्याकडे अजून बटणांचा जुना फोन आहे. नव्या फोनने डोळे जातात असं त्यांचं मत.

जेवताना बोलणं म्हादूवर आलं. शबाना म्हणाली, "दादा, तो मेसेज हाय काय अजून? अब्बांनी पन ऐकला नाय."

मी फोन काढला. तीन आठवड्यांत मीही तो पुन्हा ऐकला नव्हता. काय म्हणाला ते मला पाठ होतं, मग ऐकायचं कशाला? भाकरीचे हात पुसून मी बटण दाबलं आणि फोन ताटांच्या मधे ठेवला. वाऱ्याचा घोंघाट. मग म्हादू.

अन्वरभाईंचा घास हातातच राहिला. "परत लावा."

मी परत लावला.

"शरदभाऊ," ते हळू आवाजात म्हणाले, "हा 'बरा हाय' नाय बोलत. 'बरात हाय' बोलतो. बर म्हंजे वाळवंट. इथं सगळे तेच बोलतात. शुक्रवारी बरला गेलो, बरमध्ये तंबू टाकला. मी बरात हाय, अन्वरभायला सांग. तो मला बोलवत होता."

पुढचं मला तुटक आठवतं. शबानाने पाण्याचा पेला पुढे केला होता आणि मी तो घेत नव्हतो. मी फोन तिसऱ्यांदा लावला. या वेळी 'त' स्वच्छ ऐकू आला. वाऱ्यात बुडालेला, पण होता. एकदा ऐकल्यावर तो नव्हता असं म्हणायची सोय उरली नाही.

तीस वर्षं मी प्रुफं वाचतोय. पत्रिकेत 'चिरंजीव'च्या वेलांटीचा घोळ झाला तर मी अख्खा गठ्ठा रद्दीत घालतो. ध चा मा झाला की माणूस जिवानिशी जातो हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही सांगावं लागत नाही. आणि मी माझ्या भावाच्या बोलण्यातला एक अख्खा त गाळला, वर तो गाळलेला मजकूर अन्वरभाईंना छापून दिला. त्यांच्या बटणाच्या फोनवर मेसेज जात नाही, फोन लागत नव्हता, म्हणून त्याने मला कळवलं होतं. मी जवळचा म्हणून.

अन्वरभाईंनी हात धुतले आणि गाडीची किल्ली शोधायला लागले.

टँकर

आता बर केवढा? कुवेत शहर संपलं की सगळा बरच. विश्रामला एवढं आठवत होतं की त्या शुक्रवारी सकाळी म्हादू पाण्याच्या टँकरवर बसून गेला. थंडीत तिथले लोक वाळवंटात तंबू ठोकून आठवड्याची सुट्टी घालवतात आणि या तंबूंना टँकरने पाणी पोचतं. दोन सकाळी पाणी भरायच्या जागी उभं राहिल्यावर तो टँकरवाला सापडला. गुल खान नावाचा पठाण, मेंदीने रंगवलेली दाढी, बोलताना नजर जमिनीवर.

"मैंने ही छोड़ा था उसको, सालमी रोड से अंदर," तो म्हणाला. "बोला, दोपहर को लेते जाना, खान. मैं आया, धूल ही धूल थी, हॉर्न मारा, आधा घंटा खड़ा रहा. सोचा, किसी और के साथ निकल गया."

"मग कोणाला सांगितलं नाहीत?" मी विचारलं. अन्वरभाईंनी हिंदीत केलं.

गुल खानने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "दूसरे दिन शाम को मैं उसके कमरे पे गया था, साहब. पूछने. बोले, घर पे मेसेज आया है, ठीक है."

मी कोण ते त्याला माहीत नव्हतं. अन्वरभाईंनी सांगितलंही नाही. त्यांनी माझ्या दंडाला धरून मला गाडीकडे नेलं. गुल खान शनिवारी परत गेला असता. त्याला जागा ठाऊक होती. म्हादू तेव्हा फार तर एक रात्र आणि एक दिवस बाहेर होता, आणि त्याच्याजवळ पाण्याची बाटली होती. हा हिशोब मी अजून करतो, आणि दर वेळी उत्तर तेच येतं.

पोलीस ठाण्यावरच्या अधिकाऱ्याने आमचं नीट ऐकून घेतलं, चहा दिला, जुन्या रिपोर्टवर 'पळाला' होतं ते बदलून 'हरवला' लिहिलं. मग सरळ विचारलं, "इतके दिवस कुठे होतात?" अन्वरभाईंनी भाषांतर करायचं टाळलं, पण प्रश्न मला कळला होता.

बर

वाळवंट म्हणजे सिनेमातल्या सोनेरी टेकड्या, अशी माझी समजूत. इथे तसं काही नव्हतं. सपाट करडी जमीन, बारीक खडी, गुडघ्याएवढी काटेरी झुडपं, मधेच पिवळ्या फुलांचा पट्टा, आणि तंबूंचा मोसम संपत आल्यामुळे मागे राहिलेली टायरं, दोऱ्या, प्लॅस्टिक. लांबवर विजेचे मनोरे. चारी बाजूंना सारखंच. आमच्याकडे डोळे कुठेही टाका, डोंगर नाहीतर माड आडवा येतो. तिथे नजर जाते ती जातच राहते, आणि काही वेळाने माणसाला खाली बसावंसं वाटतं.

पोलिसांनी दोन दिवस गाड्या फिरवल्या. आम्हीही फिरलो. तीन आठवड्यांच्या वाऱ्याने चाकांचे नि पायांचे सगळे माग पुसले होते. आमचं म्हणजे वरातीमागून घोडं. पहिल्याच दिवशी अन्वरभाईंची गाडी मऊ वाळूत रुतली आणि तिला ढकलताना माझी चप्पल तुटली. उरलेला दिवस मी पायाला पिशवी बांधून हिंडलो. एका तंबूतल्या कुवेती म्हाताऱ्याने ते पाहिलं, काही न विचारता आपल्या सपाता काढून दिल्या आणि खजुरांसोबत कडू कॉफीचा इवलासा पेला हातात ठेवला. पेला हलवला नाही तर ते भरतच राहतात, हे मला सातव्या पेल्यानंतर कळलं.

तिसऱ्या दिवशी पोलीस थांबले. आम्ही चौघे, अन्वरभाई, विश्राम, गुल खान आणि मी, आणखी एकदा गेलो. म्हादूला सोडलं ती जागा गुल खानने पोलिसांनाही दाखवली होती, तिथेच गाडी थांबवली. मी तिथे उभा राहिलो. धुरळा आहे, रस्ता दिसत नाही, मनोरे दिसत नाहीत. म्हादू काय करील?

आमच्याकडे पोराला चालता यायला लागलं की एक गोष्ट शिकवतात. रानात वाट चुकली तर उतार धरायचा. उताराने पऱ्या लागतो, पऱ्याने नदी, नदीला गाव असतंच. म्हादूला हे मीच शिकवलं होतं, तो सहा वर्षांचा असताना, सड्यावर.

"उतार कुठल्या बाजूला आहे?" मी गुल खानला विचारलं.

त्याने पश्चिमेकडे बोट दाखवलं. "मगर सड़क तो ऊपर है, साहब. नीचे कुछ नहीं."

उतार असा हलका की डोळ्यांना दिसत नाही, पायांनाच कळतो. आम्ही दीड तास चाललो. तळाशी पावसाचं पाणी साचून सुकलेली मोठी खोलगट जागा होती, चिखलाला भेगा पडलेल्या. पलीकडे मेंढ्यांचा कळप आणि एक फाटका तंबू. त्यातून उंच, किडकिडीत सुदानी मेंढपाळ बाहेर आला. इद्रीस त्याचं नाव. तंबूच्या खांबाला एक कापडी पिशवी टांगलेली होती आणि तिच्यावर मराठी अक्षरं होती.

ती मला लांबूनच वाचता आली. माझ्या छापखान्याची पिशवी होती. दर दिवाळीला मी गिऱ्हाइकांना देतो, म्हादूलाही दिली होती. वर माझंच नाव, खाली 'शुद्ध व सुबक छपाई'.

इद्रीसने अन्वरभाईंना सांगितलं की पिशवी त्याला दोनेक आठवड्यांपूर्वी त्या सुकल्या तळाच्या काठावर मिळाली. माणूस कोणी दिसला नाही. मालक येईल म्हणून त्याने ती लांबून दिसेल अशी टांगून ठेवली होती. आतलं काही खाल्लं नव्हतं. आत रिकामी बाटली होती आणि दहा-बारा फगा, वाळून दगड झालेल्या.

आम्ही अंधार पडेपर्यंत त्या तळाभोवती हाका मारल्या. दुसऱ्या दिवशीही मारल्या. पुढे काटेरी तार लागते आणि तारेवर जुन्या लढाईतल्या सुरुंगांच्या पाट्या, तारेच्या आत जाऊ देत नाहीत. म्हादू सापडला नाही. पोलिसांकडची फाईल उघडी आहे, अन्वरभाई दर आठवड्याला जाऊन विचारतात. निघताना विमानतळावर मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "मी पन तेव्हाच विचारायला हवं होतं, शब्द काय होता. तुमच्यावर एकट्यावर घेऊ नका." मोठ्या मनाचा माणूस. पण घ्यायचं ते मी घेतलंच आहे.

पायरी

घरी आल्यावर मावशीकडे जायला मला दोन दिवस लागले. ब्लँकेट आणि पिशवी घेऊन गेलो. तिने ब्लँकेट बाजूला ठेवलं. फगा हातात घेऊन चाचपल्या, नाकाशी धरल्या. "अळंबीच रे," ती म्हणाली. "म्हादूनं काडल्या?"

"हो."

"तो गावला?"

"नाही, मावशी."

मी पायरीवर उभा होतो तो खाली बसलो. मी तिला काय सांगायचं ते ठरवून आलो होतो. धुरळा होता, जागा मोठी आहे, पोलीस शोधतायत. माझ्याबद्दल काही सांगायचं नाही असंही ठरवलं होतं.

"त्याचा आवाज हाय तुज्याकडं," ती म्हणाली. "तेवा ऐकवलास नाय. आता तरी ऐकव."

मी फोन तिच्या कानाशी धरला. वाऱ्याचा घोंघाट, मग म्हादू, मग पुन्हा वारा. एकदाच. मी पुन्हा लावायला गेलो तर तिने माझा हात धरला.

"बरा हाय कुटं म्हनतोय?" मावशी म्हणाली. "बरात हाय, म्हनतोय. ही बरात कुटं हाय रे, शरद?"